मराठी मजकूर असेल तर

छोट्या धंद्याची वेबसाइट कशी करावी या चर्चेत "आधी थीम (साइटचा तयार साचा) निवडा, मजकूर मागाहून भरता येतो" असं वर कोणीतरी सुचवलंय, ते पटलं नाही. थीमच्या नमुन्यातले मथळे तीन-चार इंग्रजी शब्दांचे असतात. तिथे 'लग्नकार्यासाठी घरगुती जेवणाच्या ऑर्डरी घेतो' टाकलं की मोबाईलवर चार ओळी होतात आणि फोन नंबर पार खाली जातो. भाव, वेळ, पत्ता, व्हॉट्सअ‍ॅप नंबर हे आधी कागदावर लिहून काढा, मग थीम बघा.

मराठी मजकुराबद्दल मात्र इथे कोणीच लिहिलं नाहीये. छापखान्यातून आलेलं पत्रक बहुधा जुन्या, युनिकोड (सगळीकडे सारखीच वाचली जाणारी अक्षरांची पद्धत) नसलेल्या फाँटमध्ये असतं. ते कॉपी करून साइटवर चिकटवलं तर अगम्य चिन्हं उमटतात. काहीजण मग पत्रकाचा फोटोच लावतात. पण गिऱ्हाईक गूगलवर शोधेल ते शब्द पानावर मजकूर म्हणून नसतातच. सरळ युनिकोडमध्ये पुन्हा टाइप करा. डिझायनरला एवढं नक्की सांगा: अक्षरांमधलं अंतर वाढवू नका, शिरोरेषा तुटते (इंग्रजीत छान दिसतं म्हणून हटकून करतात). ओळींमधलं अंतर मात्र इंग्रजीपेक्षा जास्त हवं, नाहीतर वेलांट्या आणि उकार एकमेकांत अडकतात. आणि पानाच्या कोडमध्ये भाषा 'एमआर' (mr, म्हणजे मराठी) नोंदवायला लावा. त्याने काही फाँटांत ल आणि श हिंदी वळणाचे न दिसता मराठी वळणाचे दिसतात. 'एक टाइप' या फाँट बनवणाऱ्या संस्थेचा 'मुक्त' (Mukta) फाँट गूगल फाँट्सवर फुकट मिळतो, त्यावर करून बघा.