बातमीतला फोटो आणि फोटोतला माणूस: कामाचं लिहा

आत्महत्या, दरड, अत्याचार, कुपोषण. अशा ठिकाणी कॅमेरा घेऊन जाणाऱ्यांनी नेमकं काय पाळावं? आत्मचरित्र नको. नव्या पोराला उद्या उपयोगी पडेल असं लिहा.

जिल्हा प्रतिनिधी, विदर्भ
शेतकरी आत्महत्येच्या घरी कॅमेरा बॅगेतच ठेवून शिरायचं. आधी बसायचं, पाणी घ्यायचं, मग विचारायचं. विचारायचं, जिचा नवरा गेला त्या बाईलाच. दीर किंवा गावपुढारी ‘काढा ना साहेब’ म्हणतात, ती परवानगी नव्हे. फोटो छापून आला की मदत मिळते असा समज असतो. तो तिथेच मोडा. एक लाखाच्या सरकारी सानुग्रह मदतीचं प्रकरण पात्र की अपात्र, हे सातबारा, कर्ज, वसुलीचा तगादा यांच्या चौकशीवर ठरतं.

आणि नवऱ्याची तसबीर हातात देऊन बाईला उंबऱ्यावर बसवणं बंद करा. भिंतीवर हार घातलेली असेल, तर आहे तिथेच फ्रेममध्ये येऊ द्या.

फोटो डेस्क
पॉक्सोचं, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या कायद्याचं, कलम २३ फक्त चेहऱ्यापुरतं नाही. नाव, पत्ता, कुटुंब, शाळा, शेजार, ज्यावरून मूल ओळखू येईल असं काहीही चालत नाही. डेस्कवर येणारे फोटो बहुतेक इथेच अडतात: चेहरा झाकलाय, पण गणवेशावर शाळेचा बिल्ला आहे. नाहीतर आईचा चेहरा उघडा.

हलका ब्लर परक्यांसाठी असतो, गल्लीतले लोक ओढणीवरूनही ओळखतात. त्यापेक्षा मुळातच छायाकृती घ्या: खिडकीकडे पाठ करून बसवा, प्रकाशमापन खिडकीवर, आणि एक्स्पोजर त्याहूनही दोन स्टॉप (टप्पे) कमी. पाठवण्याआधी सॉफ्टवेअरमध्ये शॅडोजची पट्टी पूर्ण वर ओढून पाहा. नाक-डोळे दिसू लागले, तर वाचकालाही दिसतील. तेवढा भाग सपाट काळा करून फाइल नव्याने एक्स्पोर्ट करा. मोबाइलचा फोटो असेल तर जीपीएसची नोंदही काढा.

स्वतंत्र छायाचित्रकार
‘नुसते हात घ्या’ हा सल्ला सरसकट देऊ नका. मनगटावर नाव गोंदलेलं असतं.

एजन्सीवाला
फोटोतल्या खोडाखोडीबद्दल कोणी लिहिलं नाही. २००६ मध्ये बैरूतच्या एका फोटोत धूर वाढवला होता. रॉयटर्स या वृत्तसंस्थेने त्या फोटोग्राफरचे ९२० फोटो विक्रीतून काढले. २०१४ मध्ये एपी या वृत्तसंस्थेने सीरियातल्या फोटोतून कोपऱ्यातला व्हिडिओ कॅमेरा पुसणाऱ्याशी संबंध तोडले. कोपऱ्यातली क्षुल्लक वस्तू होती, पण मग बाकीच्या फोटोंवर विश्वास कसा ठेवायचा? क्रॉप, एक्स्पोजर, सेन्सरवरच्या धुळीचा ठिपका, इथवर ठीक. मूळ फाइल क्रमांकासह जपा. २६/११ ला सीएसटीवर कसाबचा फोटो काढणाऱ्या सेबॅस्टियन डिसूझांना पुढे कोर्टात साक्ष द्यावी लागली.

जिल्हा प्रतिनिधी, पुन्हा
कॅप्शनचं राहिलं. छायाचित्रकार केव्हिन कार्टरचा सुदानमधला मूल आणि गिधाडाचा फोटो मार्च १९९३ मध्ये छापून आला, तेव्हा वाचकांनी विचारलं, त्या मुलाचं पुढे काय झालं? न्यूयॉर्क टाइम्सला चार दिवसांनी खुलासा छापावा लागला. म्हणून वहीत फाइल क्रमांकासमोर तीन गोष्टी लिहा: परवानगी कोणी दिली, कशासाठी दिली, आणि आपण निघालो तेव्हा तो माणूस कुठे होता. ‘कशासाठी’ विशेष जपा. कुपोषणाच्या बातमीसाठी दिलेला चेहरा तीन वर्षांनी लोकसंख्येवरच्या लेखात फाइल फोटो म्हणून लागतो, आणि त्या घरी कोणी विचारायलाही जात नाही.