गेमिंगसाठी ग्राफिक्स कार्ड : नवे की वापरलेले? मुंबईकरांचे अनुभव

इथेरियम या आभासी चलनाने सप्टेंबर २०२२ मध्ये मायनिंगची (ग्राफिक्स कार्डांवर अखंड गणिते चालवून चलन मिळवण्याची) पद्धत बंद केली आणि तोवर रात्रंदिवस चालणारी असंख्य कार्डे जुन्या बाजारात आली. लॅमिंग्टन रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात किंवा ओळखीतून अशी खरेदी केलेल्यांनी, विक्रेत्याने काय सांगितले यापेक्षा स्वतः काय तपासून घेतले, ते कृपया सविस्तर लिहावे.

डोंबिवलीहून

मी ठाण्यातील एका गृहस्थांकडून वापरलेले आरटीएक्स ३०६० घेतले. कार्ड त्यांच्याच कॅबिनेटमध्ये चालू स्थितीत पाहीन आणि मगच पैसे देईन, हे फोनवरच स्पष्ट केले होते. पेनड्राइव्हवर जीपीयू-झेड (कार्डाची खरी माहिती दाखवणारे सॉफ्टवेअर) आणि फरमार्क (कार्डावर भार टाकणारे सॉफ्टवेअर) नेले, कार्डावर पूर्ण भार टाकला आणि तापमान एका पातळीवर स्थिरावेपर्यंत थांबलो. पडद्यावर रंगीत ठिपके किंवा रेघा उमटल्या असत्या, तर मेमरी बिघडल्याची शंका घेऊन तिथूनच परतलो असतो. कार्ड काही काळ मायनिंगला वापरल्याचे त्यांनी आपणहून सांगितले. तेवढ्यावरून कार्ड नाकारू नये, असे माझे ठाम मत आहे, कारण मायनिंगमध्ये वीज वाचवण्यासाठी मुख्य चिपवरचा भार बहुधा कमीच ठेवतात. झीज होते ती अखंड फिरणाऱ्या पंख्यांची आणि सतत तापणाऱ्या मेमरीवरील थर्मल पॅडची (उष्णता वाहून नेणाऱ्या मऊ पट्ट्यांची), म्हणून पंख्यांची घरघर कान देऊन ऐकावी. मूळ बिल घेतले आणि त्यावरील सिरियल नंबर कार्डावरच्या स्टिकरशी ताडून पाहिला. वॉरंटी दुसऱ्या मालकाला मिळते का, हे मात्र कंपनीकडूनच विचारून घ्यावे.

वसईहून

किनाऱ्याजवळ राहणाऱ्याचे कार्ड असेल, तर ब्रॅकेट, स्क्रू आणि पोर्ट यांवर गंज आहे का, ते आधी पाहावे. खारी हवा धातूला सोडत नाही.

माहीमहून

एका विक्रेत्याने अतिशय स्वस्तात जीटीएक्स १०५० टीआय देऊ केले होते. विंडोजमध्ये नाव बरोबर दिसत होते, परंतु जीपीयू-झेडने नावाआधी ‘फेक’ असा शिक्का दाखवला. आतली चिप कितीतरी जुनी होती आणि बायोस (कार्डातील मूळ सॉफ्टवेअर) बदलून तिला नवे नाव चिकटवलेले होते. आरएक्स ५८० घेणाऱ्यांनीही शेडरची (चिपमधील चित्र तयार करणाऱ्या छोट्या गणन-घटकांची) संख्या अवश्य पाहावी. मूळ कार्डात ती २३०४ असते, पण त्याच नावाने २०४८ शेडरचे कार्डही विकले जाते.

मुलुंडहून

डोंबिवलीकरांची तपासणी वाखाणण्याजोगी आहे, तरीही मी नवे आरटीएक्स ४०६० घेतले. त्याची वीजमर्यादा ११५ वॉट आहे, तर ३०६० ची १७० वॉट, त्यामुळे जुना पॉवर सप्लाय बदलावा लागला नाही. वातानुकूलन नसलेल्या लहान खोलीत एप्रिल-मे महिन्यांत हा फरक अंगाला जाणवतो. शिवाय जीएसटीचे बिल माझ्या नावावर आहे, त्यामुळे वॉरंटीसाठी कोणाची मनधरणी करावी लागत नाही.

पुन्हा डोंबिवलीहून

मुलुंडकरांचा उष्णतेचा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. माझी निवड मेमरीवरून ठरली : ४०६० मध्ये ८ जीबी आहे, माझ्या ३०६० मध्ये १२ जीबी. काही नव्या गेममध्ये टेक्स्चर (दृश्यांतील पृष्ठभागांचा बारकावा) सर्वोच्च पातळीवर ठेवले की ८ जीबी अपुरी पडते आणि खेळ अडखळू लागतो. टेक्स्चर एक पायरी खाली आणण्याची ज्यांची तयारी आहे, त्यांनी मुलुंडकरांप्रमाणे नवेच घ्यावे.