एच-इंडेक्स १९१ : सॉलोमन स्नायडर यांचं मोठेपण या आकड्यात दिसतं का?

जीवरसायन (धागालेखक) :
भौतिकशास्त्रज्ञ होर्हे हिर्श यांनी २००५ साली एच-इंडेक्सची कल्पना मांडली. त्या लेखातल्या जीवशास्त्रज्ञांच्या यादीत पहिलं नाव होतं अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचे मेंदू-संशोधक सॉलोमन स्नायडर. आकडा १९१. म्हणजे असे १९१ शोधनिबंध, ज्यांचा प्रत्येकी किमान १९१ वेळा संदर्भ दिला गेला. भौतिकशास्त्रात अव्वल ठरलेले एडवर्ड विटेन ११० वर होते. हल्ली सायटेशन (म्हणजे असे संदर्भ) म्हटलं की लोक नाकं मुरडतात. माझ्या मते हा आकडा कमावलेला आहे.

१९७३ चं काम बघा. अफू मेंदूत नेमकी कशाला चिकटते हे तोवर कुणाला पक्कं दाखवता आलं नव्हतं. स्नायडर आणि त्यांची विद्यार्थिनी कँडेस पर्ट यांनी अफूवरचा उतारा असलेलं नॅलॉक्सोन किरणोत्सारी करून घेतलं, उंदराच्या मेंदूच्या लगद्यात मिसळलं, लगदा गाळणीवर ओतला आणि थंडगार द्रावणाने झटपट धुतला. सुटं औषध वाहून गेलं. रिसेप्टरला, म्हणजे पेशीवरच्या ज्या जागी औषध चिकटतं तिला, घट्ट धरून बसलेलं गाळणीवर उरलं, ते मोजलं. हीच रीत पुढे डोपामाइन या मेंदूतल्या संदेशवाहक रसायनाला लावली. स्किझोफ्रेनियाचं औषध डोपामाइनच्या रिसेप्टरला जितकं घट्ट धरतं तितका त्याचा डोस कमी लागतो, हे १९७६ पर्यंत उघड झालं. जगभरच्या प्रयोगशाळांनी रीत उचलली, म्हणून संदर्भ दिले. यात फुगवटा कुठे आहे?

सह्यकडा :
असहमत. १९७८ चा लास्कर पुरस्कार (वैद्यकीय संशोधनाचा अमेरिकेतला मोठा सन्मान) स्नायडर आणि मेंदूतली अफूसारखी रसायनं शोधणारे ह्यूज आणि कोस्टरलिट्झ यांना मिळाला. १९७३ च्या निबंधावर पहिलं नाव पर्ट यांचं, पण पुरस्कारात त्या नाहीत. त्यांनी उघड निषेध नोंदवला. मोठ्या प्रयोगशाळेत पिढ्यान्‌पिढ्या विद्यार्थी राबतात आणि सगळी बेरीज प्रमुखाच्या खात्यात जाते. शिवाय त्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये एरिक सायमन आणि स्वीडनमधल्या उप्सालात लार्स टेरेनियस यांनीही स्वतंत्रपणे तोच रिसेप्टर दाखवला होता. १९१ म्हणजे एका माणसाची कर्तबगारी, हे मला पटत नाही.

जीवरसायन :
पर्ट यांच्यावर अन्याय झाला, दुमत नाही. पण तो पुरस्कार देणाऱ्यांनी केला. संदर्भात आजही ‘पर्ट आणि स्नायडर, १९७३’ असंच छापलं जातं. पुरस्काराने गाळलेलं नाव सायटेशनने जपलं.

कोरा_कागद :
‘रीत उचलली म्हणून संदर्भ दिले’, गोम इथेच आहे. जीवरसायनशास्त्रज्ञ ऑलिव्हर लाउरी यांचा १९५१ चा प्रथिनं मोजण्याच्या पद्धतीवरचा निबंध सायटेशनच्या यादीत जगात पहिला, तीन लाखांवर संदर्भ. ते स्वतः त्याला फार थोर मानत नव्हते. मेंदूच्या रसायनशास्त्रावरचं त्यांचं आयुष्यभराचं काम किती जणांना माहीत आहे? सोयीची पद्धत आणि खोल शोध, दोन्ही एकाच तराजूत घालू नका.

वैद्य_नागपूर :
आणि जे कुणी वाचलंच नाही त्याचं काय? सर्पगंधा ही वनस्पती रक्तदाबावर आणि वेडावर चालते, हे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ मध्येच भारतीय नियतकालिकात लिहिलं होतं. पश्चिमेत दखल शून्य. मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये लिहिलं, तेव्हा जगाचे डोळे उघडले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये त्यातून रिसर्पिन हे औषधी द्रव्य वेगळं काढलं. पुढे स्वीडनचे आर्विद कार्लसन यांनी रिसर्पिनने निपचित पडलेल्या सशांना एल-डोपा (शरीरात ज्याचं डोपामाइन बनतं ते द्रव्य) देऊन पुन्हा हलतं केलं. तो निबंध १९५७ चा, नोबेल २००० साली. या साखळीची पहिली कडी कोणत्या एच-इंडेक्समध्ये सापडेल? मला याचं खरंच वाईट वाटतं.

जीवरसायन :
१९३१ चा मुद्दा मान्य. तिथे आकडा आंधळाच ठरतो. पण आपल्याकडच्या प्राध्यापक भरतीचा विचार करा. आकडा काढून टाकलात की वशिला आलाच. गावातून आलेल्या, पाठीशी कुणी नसलेल्या संशोधकाला समितीपुढे ठेवायला निदान काहीतरी ठोस हवं.

सह्यकडा :
वशिला आकड्यांतही शिरतो. चार जणांनी ठरवून एकमेकांचे संदर्भ टाकले की झालं. त्यापेक्षा समितीने उमेदवाराचे तीन निबंध आधी वाचून यावेत आणि त्यातला एक प्रयोग त्याच्याकडून फळ्यावर समजून घ्यावा. गाळणी का वापरली, किती वेळा धुतली, सुटं औषध उरलं नाही हे कशावरून? ज्याने काम स्वतः केलंय तो न अडखळता सांगेल, मग तो कुठल्याही गावचा असो.