‘कोंदुचेंते’ म्हणजे कंडक्टर नव्हे, मग मराठीत कोण?

जास्वंदी
गेल्या महिन्यात बाबा मिलानला आले होते. त्यांना १ नंबरच्या ट्राममधून फिरवलं. १९२८ ची बनावट, लांबच लांब लाकडी बाकं, छताला काचेच्या झाकणाचे दिवे, वळणावर सगळी गाडी कुरकुरते. ड्रायव्हरपाशी पाटी होती: ‘व्हिएतातो पार्लारे अल कोंदुचेंते’. बाबा एसटीतून निवृत्त. म्हणाले, “कंडक्टरशी बोलायचं नाही? मग सुटे मागायचे कुणाकडे?”
कोंदुचेंते म्हणजे ड्रायव्हर. तिकीट फाडणारा तो ‘बिल्येत्तायो’, आणि तो इथून कधीच गेला. शिवाय जुन्या पाट्यांवर ड्रायव्हरला ‘मानोव्रातोरे’ म्हणत. मंडळाच्या अंकात हा किस्सा लिहितेय. कोंदुचेंते आणि मानोव्रातोरे, दोघांनाही ‘चालक’ लिहिलं तर गंमतच जाते. काय करू?

पाटीवाला
सोपं आहे. एसटीत ‘चालकाशी बोलू नये’ लिहितात तसंच लिहा. चालक आणि वाहक, दोन्ही शब्द तयार आहेत.

नाक्यावरचा
तयार आहेत, पण उलटे बसलेत! वाहून नेतो तो वाहक, म्हणजे खरा वाहक ड्रायव्हर. कंडक्टर काय वाहतो? चामडी पिशवी. माझा कयास असा की कुणीतरी भौतिकशास्त्राच्या पुस्तकातून ‘कंडक्टर = वाहक’ उचललं आणि एसटीला चिकटवलं.

अर्धवाहक
म्हणजे शिकाऊ कंडक्टर तो अर्धवाहक. हे नाव आजपासून माझं.

पाटीवाला
कयासावर शब्दांची टिंगल नको. पन्नास वर्षं लोक वाहक वाचतायत, कुणाचं अडलं नाही.

नाक्यावरचा
वाचतायत. म्हणतंय कोण? अख्ख्या डब्यात “ओ वाहक” अशी हाक मारलेली एकदा तरी ऐकवा.

खाडीपलीकडची
मी सॅन फ्रान्सिस्कोत. आमच्या एफ लाइनवर मिलानच्याच ह्या गाड्या धावतात, आतल्या इटालियन पाट्याही ठेवल्यात. गंमत म्हणजे हा नमुना मूळचा अमेरिकेचाच. क्लीव्हलंडच्या पीटर विटने काढलेला: पुढून चढायचं, मधल्या दाराशी कंडक्टर बसलेला, त्याच्यासमोरून जाताना पैसे द्यायचे. माहेरचं लेकरू इटालियन बोलत परत आलं.
मानोव्रातोरेसाठी ‘मोटरमन’ घ्या. इथे ट्राम हाकणाऱ्याला मोटरमनच म्हणत, आणि आपल्या लोकलमध्ये तो अजून जिवंत आहे.

पाटीवाला
मराठी शब्द मागितला तर इंग्रजी सुचवायचा!

खाडीपलीकडची
मोटरमन विरारच्या माणसाला विचारा, मराठी आहे की नाही ते.

जुनी_वही
‘मानोव्रा’त लॅटिनचा ‘हात’ आहे, हाताचं काम. हँडल फिरवत गाडी चालवणारा. मग ‘हाक्या’ का नको? इटालियनमध्ये तर ‘मानोव्रातोरेला त्रास देऊ नका’ हा वाक्प्रचारच झाला. वर बसलेल्यांना प्रश्न विचारू नका, असा टोमणा.

जास्वंदी
वा, हे अंकात घालते. पण ‘हाक्या’ ऐकून बाबांनी चष्मा काढला आणि माझ्याकडे नुसतं बघितलं.

अर्धवाहक
‘व्हिएतातो’चं काय करताय? ‘मनाई’ की ‘मज्जाव’? मला मज्जाव आवडतो. ‘मत जाव’ म्हणत शिपाई दारात आडवा उभाच दिसतो.

जुनी_वही
‘मत जाव’ची ती व्युत्पत्ती इतकी गोड आहे की मला तिचा संशय येतो.

पाटीवाला
मनाई तरी कुठे आपली? अरबीच. ‘बोलू नये’ लिहा, ‘नये’ला कुणी परका म्हणणार नाही.

नाक्यावरचा
पाटीवाले, पहिल्यांदाच पटलं. मुंबईत घोड्यांची ट्राम १८७४ ला आली, विजेची १९०७ ला, आणि ३१ मार्च १९६४ ला शेवटची गेली. आजोबा तिच्यातून कामावर जात. ड्रायव्हरला ते काय म्हणत, हे विचारायचं राहिलं. ‘दादर टीटी’ मात्र ते शेवटपर्यंत म्हणत.

अर्धवाहक
टीटी म्हणजे तिकीट तपासनीस ना? तिथे त्यांची चौकी होती का?

नाक्यावरचा
अरे ट्राम टर्मिनस!

खाडीपलीकडची
खोदादाद सर्कल म्हणजेच टीटी ना? आमच्या घरी यावरून दोन तट आहेत.

जास्वंदी
अहो, माझा कोंदुचेंते?