कोतवाल, फौजदार, हवालदार : हे हुद्दे खाली कसे आले?

परळीकर : आमच्या गावात कोतवाल म्हणजे तलाठ्याच्या हाताखालचा माणूस. नोटीस पोचवायची, दवंडी द्यायची, तहसीलचे निरोप आणायचे. हैदराबादचा इतिहास वाचावा तर तिथला कोतवाल शहराच्या सगळ्या पोलिसांचा मुख्य! राजाबहादूर वेंकटराम रेड्डी १९२० ते १९३४ या काळात कोतवाल होते, त्यांचा दरारा केवढा. एकच शब्द इतका वर आणि इतका खाली कसा काय?

देवगिरीकर : मूळ शब्द कोटपाल. कोट म्हणजे तटबंदी, ती राखणारा. म्हणून कोतवाल हा वेशीच्या आतला, शहराचा माणूस. अकबराच्या काळच्या ‘आईन-ए-अकबरी’त त्याच्या कामांची यादी आहे. घरांची नोंद, नव्या पाहुण्याची खबर, रात्रीची गस्त, बाजारातली वजनमापं, सगळं त्याच्याकडे. चोरी उघडकीला आली नाही तर नुकसानीची जबाबदारीही त्याचीच! आजच्या कुठल्याही ठाणेदाराला ही अट घालून बघा.

तटाबाहेरचा मुलूख फौजदाराकडे. फौज बाळगून वाटा मोकळ्या ठेवायच्या, बंडाळी मोडायची. कित्येक परगण्यांवर त्याची हुकमत चाले. आज मराठीत फौजदार म्हणजे उपनिरीक्षक, दोन स्टारवाला. हवालदाराचं तर विचारूच नका. शिवकाळात अख्खा किल्ला हवालदाराच्या हवाली असे, आता तो चौकात शिट्टी वाजवतो. इंग्रजांनी वरच्या जागा आपल्या नावांनी भरल्या आणि जुनी नावं खालच्या पायऱ्यांना वाटून टाकली, असं माझं मत.

नांदेडकर : मत बरोबर, पण मराठवाड्याला ते अर्धंच लागू पडतं दादा. १८६१ चा इंग्रजांचा पोलीस कायदा आपल्याकडं नव्हताच, आपण निजामाच्या राज्यात. इथं निजामाचा दिवाण पहिला सालारजंग, त्यानं १८६५ ला जिल्हाबंदी, म्हणजे राज्याची जिल्ह्यांत वाटणी, केली आणि त्याच सुमाराला पोलिसांची घडी बसवली. त्यात सगळी नावं फारसी-अरबी. जिल्ह्याचा मुख्य मोहतमिम, ठाण्यावर अमीन. पोलीस खात्यालाच कोतवाली म्हणत. आमच्याकडची म्हातारी माणसं परवापरवापर्यंत ‘अमीनसाब आले’ म्हणायची. म्हणजे आपल्याकडं कोतवाल शब्दाचा मान १९४८ पर्यंत टिकून होता.

परळीकर : मग गावाची राखण कोण करायचं? कोतवाल तर शहरात.

देवगिरीकर : पाटील आणि जागल्या. जागल्याचं खरं कसब माग काढण्यात. चोराच्या पावलांचा माग ज्या गावच्या शिवेत जाऊन थांबे, त्या गावानं एकतर तो पुढं काढून द्यायचा, नाहीतर भरपाई करायची. दख्खनच्या गावगाड्यात ही रीत होती. ‘माग लागला’, ‘माग काढला’ हे आपण सहज बोलतो, पण त्यामागं अख्ख्या गावाच्या खिशाचा प्रश्न होता. पुढं वतनं, म्हणजे गावकामाचे पिढीजात हक्क, गेली, तेव्हा गावकामाला मानधनावर जो माणूस नेमला त्याला कोतवाल म्हणू लागले. तुमच्या प्रश्नाचं उत्तर इथं आहे. शहरातला कोतवाल खाली घसरला नाही, त्याचं नाव गावच्या वेगळ्याच कामाला दिलं गेलं.

लातूरकर : हिंदीत उलटा चोर कोतवालाला दटावतो. आपल्या म्हणीत चोराच्या नुसत्या उलट्या बोंबा, कोतवाल कुठंच नाही. गावात तो नव्हता म्हणूनच असेल का? बाकी कोतवाल नावाचा पक्षी मात्र शेताशेतात दिसतो, घरट्याजवळ आलेल्या घारीलाही पिटाळून लावतो. जुना हुद्दा त्यानंच सांभाळलाय!

परळीकर : 😀 आणखी एक. आमच्या आजीच्या हिशेबात वय ‘पोलीस ॲक्शनच्या’ आधी की नंतर असं. पोलीस कुठून आले त्यात?

नांदेडकर : नव्हतेच. १३ ते १७ सप्टेंबर १९४८, निजामाच्या हैदराबाद संस्थानावर भारताच्या लष्कराची मोहीम, मेजर जनरल जे. एन. चौधरी प्रमुख. सैन्य पाठवलं म्हटलं की दोन देशांचं युद्ध ठरतं, म्हणून सरकारनं पोलिसी कारवाई म्हटलं, घरातलाच बंदोबस्त असल्यासारखं. लोकांनी तो शब्द जसाच्या तसा उचलला.

आणि जाताजाता, जुन्या कागदात ‘माली पाटील’ दिसला तर त्याला माळी समजू नका. माल म्हणजे महसूल. वसुली बघणारा माली पाटील आणि बंदोबस्त बघणारा पोलीस पाटील, असे एकाच गावात दोघं असत.