घराणेशाहीतले घराणे कोणते आणि शाही कोणती?

सिलोनच्या, म्हणजे आजच्या श्रीलंकेच्या, स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या काही दशकांवरील एका इंग्रजी लेखाचा अनुवाद करताना दोन शब्दांनी मला आठवडाभर अडवून धरले. पहिला शब्द ‘डायनॅस्टी’, ज्याला आपण डोळे मिटून ‘घराणेशाही’ म्हणतो, आणि दुसरा ‘नेफ्यू’, जो पाहताक्षणी मी ‘पुतण्या’ लिहून मोकळी झाले होते. मजकूर प्रभादेवीच्या कचेरीतून मुद्रितशोधनाला गेला आणि आमच्या ज्येष्ठ मुद्रितशोधकांनी ‘काका-पुतण्यांचा पक्ष’ या शब्दांखाली शिसपेन्सिलीने रेघ ओढून समासात एवढेच लिहिले : ‘कोणाचे काका?’

आधी हा दुसरा शब्द घेते, कारण पहिल्याचे कोडे त्यातूनच सुटले. ४ फेब्रुवारी १९४८ रोजी सिलोन स्वतंत्र झाला आणि युनायटेड नॅशनल पार्टीचे डी. एस. सेनानायके पहिले पंतप्रधान झाले. मार्च १९५२ मध्ये कोलंबोच्या गॉल फेस मैदानावर रपेट करताना ते घोड्यावरून पडले आणि दुसऱ्या दिवशी वारले. त्यांच्या जागी मुलगा डडली आला. १९५३ मध्ये डडलींनी राजीनामा दिल्यावर सर जॉन कोटलावला आले. म्हणजे १९५६ पर्यंतची पहिली आठ वर्षे पंतप्रधानपद एकाच गोतावळ्यात फिरले. त्यावर विरोधकांनी पक्षाच्या यू. एन. पी. या आद्याक्षरांचा ‘अंकल नेफ्यू पार्टी’ असा विस्तार केला.

मराठीत ‘काका-पुतण्या’ म्हटले की वाचक हसतो खरा, पण तो वेगळ्याच गोष्टीला हसतो. आपल्याकडे ही जोडी कानावर पडली की १७७३ चा शनिवारवाडा आणि ‘काका, मला वाचवा’ आठवते, आणि पुढचे राजकारणही आठवते. मूळ थट्टेतला पुतण्या काकांच्या कृपेने वर येतो, तर आपल्या मनातल्या पुतण्याचे काकांशी बहुधा वाकडे असते.

शिवाय नाते तपासू लागल्यावर काका सापडेनात. कोटलावलांच्या आई ॲटिगल घराण्यातल्या होत्या आणि आईची बहीण डी. एस. सेनानायक्यांच्या थोरल्या भावाला दिलेली होती. म्हणजे सेनानायके हे कोटलावलांच्या मावशीचे दीर. पक्षातली पुढची प्रसिद्ध जोडी ज्युनियस जयवर्धने आणि रनिल विक्रमसिंघे यांची. १९७७ मध्ये जयवर्धने पंतप्रधान झाले तेव्हा पहिल्यांदाच निवडून आलेले रनिल त्यांच्या सरकारात उपमंत्री झाले. रनिल यांच्या आई या जयवर्धन्यांच्या मामाची मुलगी, म्हणून रनिल हे मामेबहिणीचे चिरंजीव, आपल्या हिशेबाने भाचे. ‘काका-पुतण्यांचा पक्ष’ म्हणावा तर या दोन्ही जोड्यांत ना काका, ना पुतण्या. सत्ता सोयरिकींच्या वाटेने, बायकांच्या माहेरांमधून फिरली होती आणि इंग्रजीच्या एका ‘अंकल’ने ते सगळे माहेर गिळून टाकले होते.

आता ‘घराणेशाही’. यातल्या ‘घराणे’ या अर्ध्या भागात वाईट काहीच नाही. स्थळे पाहताना ‘घराणे चांगले आहे’ हे आपण कौतुकाने म्हणतो. गाण्यात तर ते रक्तावरही अवलंबून नसते. उस्ताद अल्लादिया खाँ यांचे घराणे मुंबईत केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर यांनी वाढवले आणि त्या दोघी काही खाँसाहेबांच्या नात्यातल्या नव्हत्या. ‘शाही’ मात्र संशयास्पद आहे. आदिलशाही, निजामशाही, मग हुकूमशाही, झुंडशाही, दडपशाही असा या प्रत्ययाचा सहवास आहे. लोकशाहीही त्याच पंगतीला बसते हे खरे, पण तिथे शहा कोण ते पहिल्या पदातच सांगितलेले आहे. त्याच न्यायाने घराणेशाही म्हणजे जिथे घराणे हाच शहा. प्रश्न असा की मतदाराने निवडून दिलेल्या घराण्याला हा शब्द लावावा का?

बंडारनायके घराण्यावर हा शब्द घासून पाहावा. सॉलोमन बंडारनायके यांचे वडील ब्रिटिशांच्या कारभारात महामुदलियार, म्हणजे सर्वांत वरचे देशी अधिकारी, होते आणि होरगोल्ल येथे त्यांचा वलव्व होता. ‘वलव्व’साठी कोशातला ‘प्रासाद’ मी ठेवला नाही, ‘वाडा’ लिहिले. गावाने ज्याच्याकडे मान खाली घालून पाहावे असे घर, हा अर्थ आपल्या वाड्यात तयारच आहे. या वाड्यातल्या मुलाने १९५१ मध्ये वेगळा पक्ष काढला, १९५६ मध्ये सिंहला भाषेला चोवीस तासांत राजभाषा करण्याचे आश्वासन देऊन सत्ता मिळवली आणि त्याच वर्षी तसा कायदा केला. तमिळ नेते चेल्वनायकम यांच्याशी १९५७ मध्ये केलेला समझोता भिक्खूंच्या विरोधापुढे त्यांना पुढच्याच वर्षी मोडावा लागला. सप्टेंबर १९५९ मध्ये त्यांच्यावर गोळ्या झाडणाराही भिक्खूच होता.

पुढे त्यांच्या पत्नी सिरिमाओ आल्या. जुलै १९६० च्या प्रचारात दिवंगत पतीच्या भाषणांची ध्वनिमुद्रणे वाजवली जात होती. पक्ष जिंकला, पण त्या स्वतः कोणत्याही मतदारसंघातून उभ्या राहिल्या नव्हत्या. त्या वरिष्ठ सभागृहातून पंतप्रधान झाल्या, जगातल्या पहिल्या महिला पंतप्रधान. पतीचा भाषाविषयक कायदा १ जानेवारी १९६१ पासून त्यांनी पुरता अमलात आणला. येथे ‘वारस’ आणि ‘वारसा’ हे दोन्ही शब्द बिनचूक बसतात. आपल्याकडे पुष्कळदा वारस आधी ठरतो आणि त्याने कोणता वारसा चालवायचा याचा शोध मागाहून लागतो. सिरिमाओंना दोन्ही एकदमच मिळाले आणि त्यांतल्या वारशाची किंमत तमिळ भाषकांनी दीर्घकाळ मोजली. १९७२ च्या राज्यघटनेने देशाचे नाव श्रीलंका झाले, तेही त्यांच्याच कारकिर्दीत. मुंबईतल्या एका पिढीच्या तोंडी मात्र रेडिओमुळे सिलोन राहिले ते राहिलेच.

‘वंशाचा दिवा’ हा शब्दप्रयोगही या घराण्याने उलटा केला. मुलगा अनुर विरोधी पक्षात, म्हणजे त्याच यू. एन. पी.मध्ये गेला आणि मुलगी चंद्रिका १९९४ मध्ये आधी पंतप्रधान, मग राष्ट्राध्यक्ष झाली. मग आई मुलीच्या हाताखाली पंतप्रधान! ‘घराणे’ म्हणजे बापाकडून मुलाकडे जाणारी रेघ, ही आपली समजूत इथे टिकत नाही. सून आणि लेक यांना जागा नसेल तर या घराण्याला घराणेही म्हणता येणार नाही.

मी अनुवादात शेवटी एक भेद पाळला. मार्च १९५२ मध्ये डडली सेनानायके यांना गव्हर्नर जनरलने आधी पद दिले आणि मतदाराने त्यावर नंतर शिक्का मारला, म्हणून तिथे ‘घराणेशाही’ ठेवले. १९६० मध्ये लोकांनी आधी कौल दिला, म्हणून तिथे ‘बंडारनायके घराण्याची सत्ता’ असे लिहिले. हा भेद फार सूक्ष्म आहे आणि बातमी लिहिणाऱ्याला तो परवडणार नाही, हे मान्य आहे. तरीही सरसकट एकच शब्द वापरला की पद आधी मिळाले की मत, हा प्रश्नच वाचकाच्या मनात उभा राहत नाही.

‘काका-पुतण्यांचा पक्ष’ काढून ‘मामा-भाच्यांचा पक्ष’ छापायला दिले. रनिल यांच्यापुरते ते खरे आहे. कोटलावलांसाठी मात्र ‘मावशीचे दीर’ तसेच राहू दिले आहे आणि मुद्रितशोधकांनी या वेळी खाली रेघ ओढलेली नाही.