अनुभव धागा : सकाळी सात वाजून पाच मिनिटांनी

२३ जुलै १९२७ रोजी इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे मुंबई केंद्र सुरू झाले आणि तोच दिवस आज राष्ट्रीय प्रसारण दिन म्हणून पाळला जातो. त्या निमित्ताने आकाशवाणी पुण्याच्या सकाळी ७.०५ च्या प्रादेशिक बातम्यांचे आपापले अनुभव सर्वांनी लिहावेत, अशी विनंती आहे. आमच्या घरी वृत्तनिवेदिका सुधा नरवणे यांचा आवाज आला की आजोबा कप बशीत ठेवून देत आणि ठळक बातम्या संपेपर्यंत कोणी चमचाही वाजवत नसे.

*

मी काही वर्षे हंगामी वृत्तनिवेदिका होते. आमच्याकडे प्रत्येक बातमी सुट्या कागदावर असे. कागद टाचले की पान उलटल्याची सळसळ थेट माइकमध्ये जाते, म्हणून वाचून झालेला कागद अलगद बाजूला सरकवायचा. आधी ठळक बातम्या, मग विस्तार, शेवटी पुन्हा ठळक बातम्या, हे सारे दहा मिनिटांत बसवायचे असल्यामुळे ऐन वेळी हाती आलेल्या बातमीसाठी दुसरी एखादी गाळावी लागे. श्रोत्याला मागचे वाक्य पुन्हा वाचता येत नाही, म्हणून एका वाक्यात एकच गोष्ट सांगायची, ही शिस्त मला तिथे लागली. मला ती आजही मोलाची वाटते.

*

आमच्या भागात हे बातमीपत्र सांगली केंद्र सहक्षेपित करत असे, म्हणजे पुण्याच्या बातम्या त्याच वेळी आपल्याकडून ऐकवत असे. बातम्या संपल्या की दप्तर उचलायचे, एवढेच ठाऊक होते.

*

मी एका लहान जिल्हा दैनिकात होतो. तारेवरून आलेल्या बातम्या कागदावर छापून देणारा टेलिप्रिंटर आम्हाला परवडत नसे, त्यामुळे आकाशवाणीची धीम्या गतीची हिंदी बातमीपत्रे हाच आधार होता. तुकड्या-तुकड्याने वाचलेली वाक्ये मी पेन्सिलीने उतरवून घेई आणि लगेच मराठीत करून छपाईचे खिळे जुळवणाऱ्याच्या हाती देई. त्या बातमीपत्रांवाचून आमच्या पहिल्या पानावर देशाची बातमी आलीच नसती.

*

३० सप्टेंबर १९९३ ची, भूकंपाची पहाट आम्ही सोलापुरात अंगणात काढली. आदल्या दिवशी गणेश विसर्जन झाले होते. वीज नव्हती, म्हणून शेजाऱ्यांनी ट्रान्झिस्टर कट्ट्यावर आणून ठेवला आणि गल्लीतली सारी माणसे त्याच्याभोवती उभी राहिली. किल्लारी हे नाव आम्ही त्यावरच प्रथम ऐकले. आमच्यातल्या एका बाईंचे माहेर त्याच बाजूचे होते. त्या पुढच्या बातम्यांपर्यंत तिथून हलल्या नाहीत.